पैसे भरून दुसऱ्याच्या होडीत

पत्र

आदरणीय ताई,

आमचं घर दांडिया बाजारात, तीन पिढ्यांपासून. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून गेल्या वर्षी निवृत्त झालो. आजोळ रेवदंड्याला, त्यामुळे गळ टाकायचा नाद लहानपणापासूनचा. बडोद्यात ती हौस भागत नाही. विश्वामित्रीच्या काठी गळ घेऊन बसायचं तर आधी मगरींची परवानगी काढावी लागेल!

मुलगी-जावई अलाबामात हंट्सव्हिलला असतात. मागच्या उन्हाळ्यात जावयाच्या एका सहकाऱ्याने मला गंटर्सव्हिलच्या सरोवरावर नेलं, बास मासा कसा धरायचा ते शिकवलं, आणि साठीनंतर हे नवं खूळ डोक्यात शिरलं. तिथे या माशाच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. ज्याची होडी तो पुढे, आणि चिठ्ठीत त्याच्या वाट्याला आलेला दुसरा मागे. मागच्याला को-अँगलर म्हणतात. त्यालाही फी भरावी लागते. पुढच्या वसंतात आम्ही पुन्हा जाणार आहोत, तेव्हा तीन स्पर्धांत नाव घालावं असं मनात आहे: दोन मोठ्या, तीन-तीन दिवसांच्या, आणि एक गंटर्सव्हिलवरची एका दिवसाची. फी, मोटेल, परवाना, जाणं-येणं धरून दोन लाखांच्या पुढे जाईल असा अंदाज आहे.

घरात मात्र विरोध. ही म्हणते, "पैसे भरून दुसऱ्याच्या होडीत मागे उभं राहायचं, चांगले मासे त्याने काढायचे, उरलेल्या पाण्यात तुम्ही गळ टाकायचा, आणि वर मिळालेला मासा परत सोडून यायचा. हे कुणी फुकट दिलं तरी मी जाणार नाही." जावई म्हणतो, मागच्यांच्या फीवर पुढच्यांची बक्षिसं निघतात. कमाटीबागेत सकाळी भेटणारा माझा गुजराती दोस्त तर एकच विचारतो, "भाऊ, वसूल थाय छे?" तुम्ही बरीच वर्षं तिकडे होतात आणि स्वतः या होड्यांत गेलेल्या आहात, हे तुमच्याच एका लेखात वाचलं होतं. खरं सांगा, मागच्या माणसाला त्याच्या पैशांचा मोबदला मिळतो का?

– आपला एक वाचक, बडोदा (कृपया नाव छापू नये)

उत्तर

नमस्कार भाऊ,

वहिनींचं म्हणणं शब्दन् शब्द बरोबर आहे. पैसे तुम्ही भरणार, होडी दुसऱ्याची, ती कुठे न्यायची ते तो ठरवणार, नवं पाणी आधी त्याच्या गळाला मिळणार, आणि संध्याकाळी वजन झालं की मासा पुन्हा सरोवरात. यातलं काहीही मी खोडून काढणार नाही. तरीही माझं मत 'जा' असंच आहे. फक्त बक्षिसाचा हिशोब बडोद्यात ठेवून जा, आणि तीनही ठिकाणी नाव घालू नका. दोन मोठ्या स्पर्धा मी आत्ताच काटायला सांगणार आहे. का, ते पुढे येईल.

आधी ही मागे उभं राहण्याची पद्धत आली कुठून ते पाहू, कारण जावईबापूंच्या तक्रारीचं निम्मं उत्तर त्यात आहे. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या एका विमा विकणाऱ्या माणसाने (हा अलाबामाचाच, माँटगोमेरीचा) अर्कान्सासच्या बीव्हर लेकवर बासची स्पर्धा भरवली. १०६ जण आले, प्रत्येकाने १०० डॉलर भरले. मासे धरण्याच्या शर्यती त्याआधीही होत असत, पण त्यांची अब्रू फारशी बरी नव्हती. कोण कुठला मासा आणून वजनकाट्यावर टाकील याचा नेम नसे. पाण्यावर पंच उभे करणार किती आणि कुठे? स्कॉटच्या स्पर्धांमध्ये यावर साधा तोडगा निघाला. दोन अनोळखी माणसं चिठ्ठी टाकून एका होडीत बसवायची. दोघेही स्पर्धक, आणि दोघेही एकमेकांचे पहारेकरी.

म्हणजे मागच्या माणसाची मुळातली कामगिरी साक्षीदाराची. त्या काळी दोघांचा दर्जा सारखाच होता, अर्धा दिवस पुढचा हक्क याचा, अर्धा त्याचा. वाद रोजचे. बक्षिसं फुगायला लागली तसे ते वाढले. ज्याने आठवडाभर सरोवर पालथं घालून एक जागा हेरली, ती त्याने आपल्याच प्रतिस्पर्ध्याला दाखवून वर होडीचं सुकाणूही त्याच्या हाती का द्यावं? शेवटी दोन वर्ग पडले. पुढच्याची स्पर्धा पुढच्यांशी, मागच्याची मागच्यांशी. होडी कुठे न्यायची, किती वेळ थांबायचं, सगळं पुढच्याच्या हातात, आणि त्याबद्दल तो मागच्याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही बरीच जास्त फी भरतो. होडी त्याची, इंजिन त्याचं, पेट्रोल त्याचं. आजची चांगली बास-बोट म्हणजे वीस-एकवीस फुटांची, मागे अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि नवी घ्यायची तर ७०-८० हजार डॉलर कुठेच जात नाहीत.

तेव्हा तुमची झुंज समोर उभ्या असलेल्या माणसाशी नाहीच. तुमच्यासारखेच जे शंभर-दीडशे जण त्या दिवशी शंभर-दीडशे होड्यांच्या मागच्या फळीवर उभे असतात, सगळेच उरलेल्या पाण्यात गळ टाकत असतात, त्यांच्याशी आहे. उष्टं पाणी सगळ्यांच्याच वाट्याला सारखं. इथवर मला अन्याय दिसत नाही.

अन्याय असलाच तर तो चिठ्ठीत आहे. एकाला असा पुढचा मिळतो की जो दिवसभर माशांच्या थव्यावर उभा असतो आणि मागच्यालाही चार मासे आपसूक येतात. दुसऱ्याला असा मिळतो की ज्याची जागा चुकलेली, डोकं तापलेलं, आणि दुपारपर्यंत होडीत शिव्यांशिवाय काही पडलेलं नसतं. मागच्याच्या वजनावर पुढच्याच्या दिवसाचा इतका परिणाम होतो की निकाल लागल्यावर मागच्यांच्या यादीत पहिला आलेला माणूस खरोखर सगळ्यांत तरबेज होता असं छातीठोक कोणी म्हणू नये. अनेक दिवसांच्या स्पर्धेत रोज नवा जोडीदार येतो, तेव्हा नशीब जरा सारखं वाटलं जातं. एका दिवसाच्या स्पर्धेत ती निव्वळ सोडत. कौशल्याची स्पर्धा म्हणून हे विकलं जात असेल तर माल खरा नाही, हे मी कबूल करते.

जावईबापूंचा मुद्दा पैशाचा. मागच्यांच्या फीवर पुढचे जगतात का? याला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही, पण शोधायची रीत सोपी आहे. प्रत्येक स्पर्धेचा बक्षिसांचा तक्ता आधीच जाहीर होतो. मागच्यांची फी गुणिले मागच्यांची संख्या करा, आणि शेजारी मागच्यांना वाटल्या जाणाऱ्या रकमेची बेरीज मांडा. दोन आकडे जवळपास असतील तर व्यवहार चोख. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर घसरत असेल तर तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी चेकवर सही करताय. मकरपुऱ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला मी ताळेबंद वाचायला शिकवायला नको. हौशी लोकांसाठीची जी एका दिवसाची लीग असते, बास फिशिंग लीग, तिच्यात मागच्याची फी साधारण निम्मी आणि बक्षीसही साधारण निम्मं असा हिशोब चालत आलाय. तिच्या शेवटच्या टप्प्याला, ऑल-अमेरिकनला, पुढच्याला एक लाख डॉलरच्या घरातलं आणि मागच्याला ५० हजारांचं पहिलं बक्षीस अनेक वर्षं होतं. हे प्रमाण मला न्याय्य वाटतं. जिथे मागच्याचं प्रमाण याहून फार पडतं तिथे नाव घालताना हात आखडता घ्या.

आणि वहिनींना हे नका सांगू, पण सर्वांत वरच्या पायरीवर, २००६ साली सुरू झालेल्या व्यावसायिकांच्या एलिट मालिकेत, २००९ पासून मागच्या हौशी स्पर्धकाची जागा मार्शलने घेतली. मार्शल गळ टाकत नाही. दिवसभर बसून नुसता पाहतो, पकडलेल्या माशांची नोंद करतो, आणि त्यासाठी फीही तोच भरतो. तरी लोक हौसेने नावं घालतात. त्यांना काय विकत मिळतं, याचा विचार केलात तर तुमच्याही प्रश्नाला वाट फुटेल.

साक्षीदाराचं काम काही शोभेचं नाही, याचं एक उदाहरण ताजंच आहे. २०२२ साली लेक एरीवर, क्लीव्हलंडला, वॉलआय माशाच्या एका स्पर्धेत पहिल्या आलेल्या जोडीचे मासे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा भारी भरले. चिरले तर पोटातून शिशाचे गोळे निघाले. पुढच्या वर्षी दोघांना दहा-दहा दिवसांची कैद झाली आणि होडी जप्त. लक्षात घ्या, त्या होडीत दोघेही एकाच संघाचे होते, चिठ्ठीने आलेला परका माणूस नव्हता. मागच्या फळीवर तुम्ही नुसते उभे राहिलात तरी स्पर्धेला तुमच्याकडून काहीतरी मिळतं, आणि त्याचा मोबदला कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. मला विचाराल तर मागच्यांची फी याच कारणासाठी कमी असायला हवी. आयोजकांना मात्र हे सुचायचं नाही.

आता तुम्हाला पैशांत काय मिळतं ते. माझी काही वर्षं टेनेसीत, चॅटनूगाला गेली. यजमानांना या प्रकारात रस नव्हता, मला होता. चिकमॉगा सरोवरावरचा एक दिवस सांगते. पहाटेच्या अंधारात धक्क्यावर होड्यांची रांग, प्रत्येक होडीवर लाल-हिरवा दिवा. माझ्या वाट्याला आलेला माणूस पन्नाशीचा, तोंडात एक अक्षर नाही. माझ्या रॉड्सकडे पाहून एवढंच म्हणाला, "अर्ध्या गाडीत ठेवून या." जागा खरंच नव्हती. सूर्य वर आला तसा तो पुढच्या टोकाला उभा राहिला, एक पाय ट्रोलिंग मोटरच्या, म्हणजे होडीच्या नाकावरच्या छोट्या विजेच्या मोटरच्या, पेडलवर. त्या पायाकडे मी दिवसभर पाहत होते. वारा आडवा लागला की टाच किंचित दाबायची, होडीचं नाक चार बोटं वळायचं, आणि गळ जिथे पडायला हवा तिथेच पडायचा. हात नुसते आमिष फेकत होते, मासा धरत होता तो पाय. काठाला पाणगवताचा पट्टा होता, त्याच्या बाहेरच्या कडेने तो झपाट्याने फिरणारं, पात्याचं आमिष ओढत चालला होता. एका जागी त्याच्या आमिषाला टोचणी बसली, पण मासा सुटला. तो थांबला नाही. फक्त मागे न बघता हनुवटीने ती जागा दाखवली. मी तिथे प्लॅस्टिकची अळी टाकली, तळाला जाऊ दिली, आणि काहीच केलं नाही. दोरा बाजूला सरकायला लागला. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

त्याच्या आधीच्या स्पर्धेत मात्र उलटा माणूस मिळाला होता. त्याने होडीचं नाक सतत काठाला लावून ठेवलं, शेपूट खोल पाण्याकडे. माझ्या पुढ्यात दिवसभर नुसतं उघडं, रिकामं पाणी. नियमाने त्याचा हक्कच तो. बोलूनही काही उपयोग नव्हता, म्हणून मी बोलले नाही.

आपल्याकडे बैठकीत गवयाच्या मागे तानपुरा घेऊन शिष्य बसतो. स्वर लावायचा, गुरू श्वास घेतील तेवढ्या फटीत एखादी जागा म्हणून दाखवायची, आणि उरलेला वेळ डोळे-कान उघडे ठेवायचे. त्या शिष्याला मंचाचा न्याय्य वाटा मिळाला का, असं सूरसागरकाठच्या आपल्या संगीत महाविद्यालयात कुणी विचारणार नाही. पण शिष्य आपला गुरू पारखून घेतो, तुम्हाला तो चिठ्ठीतून मिळणार. आणि गुरूने निदान शिकवायचं कबूल केलेलं असतं. पुढच्या माणसाने तुम्हाला काहीही कबूल केलेलं नाही. तो तिथे त्याचं घर चालवायला किंवा निदान होडीचा हप्ता फेडायला आलाय. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते: त्याने तुमच्याशी नीट वागावं ही अपेक्षा रास्त आहे, तुमच्यासाठी पाणी राखून ठेवावं ही नाही.

याच्या शेजारी खरा पर्याय मांडून पाहा. त्याच सरोवरावर दिवसभरासाठी गाइड केलात तर चारशे-पाचशे डॉलर सहज जातील. गाइड तुम्हाला पुढे उभं करील, स्वतः फारसा गळ टाकणार नाही, मासा हमखास मिळेल अशा जागी नेईल, आणि संध्याकाळी तुमचा फोटो काढील. मजा येते. पण तो तुम्हाला जे दाखवतो ते गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं. जिंकण्यासाठी आलेला माणूस काय करतो, कुठली जागा दहा मिनिटांत सोडतो, कुठे तासभर चिकटून राहतो, ढग आल्यावर काय बदलतो, मासा लागत नसला की कसा वागतो, हे पैसे देऊन दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. एका दिवसाच्या लीगमध्ये ते गाइडच्या पैशांच्या एक-तृतीयांशाच्या आसपास मिळतं. वसूल झालं का, या तुमच्या दोस्ताच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे, आणि ते त्या एका दिवसाच्या स्पर्धेपुरतंच आहे. मोठ्या, तीन-तीन दिवसांच्या स्पर्धांत फी कितीतरी चढते, सरावाचे दिवस वेगळे, मोटेलच्या रात्री वाढतात, आणि काही ठिकाणी मागच्याला पाचऐवजी तीनच मासे काट्यावर नेता येतात. शिकायला मिळतं तेवढंच. म्हणून त्या दोन काटा.

गंटर्सव्हिल ठेवा. जवळ आहे, रात्री लेकीकडे झोपाल, मोटेल वाचेल. शिवाय सरोवर मागच्या माणसाला मानवणारं आहे. टेनेसी नदीवर १९३९ साली बांध घालून झालेलं हे विस्तीर्ण पाणी, जवळजवळ ७० हजार एकर, आणि गवताने भरलेलं. गवतात मासा पसरून राहतो. पुढच्याने एक पट्टी चाळून काढली तरी तिच्यात मागच्यासाठी काही ना काही राहतंच. उलट स्वच्छ, खोल, उघड्या पाण्याची सरोवरं सध्या टाळा. कारण एक नवी गोष्ट आली आहे. २०१८ साली गार्मिन कंपनीने लाइव्हस्कोप नावाचं सोनार यंत्र आणलं, तेव्हापासून पुढचा माणूस पडद्यावर समोरचा एकेक मासा प्रत्यक्ष हलताना पाहतो आणि त्याच्याच डोक्यावर आमिष टाकतो. होडी उघड्या पाण्यात इकडून तिकडे फिरते, मागच्याला पडदा दिसत नाही, काठ दिसत नाही, गवत दिसत नाही. तो कशावर गळ टाकणार? मागच्या फळीचं मोल गेल्या काही वर्षांत कशाने खरोखर घटलं असेल तर या यंत्राने. व्यावसायिक मालिकांनीही आता त्यावर बंधनं घालायला सुरुवात केली आहे, पण तुमच्या लीगमध्ये तुमच्या पुढ्यातल्या माणसाकडे ते असणारच असं धरून चला.

मागे उभं राहून मासे धरायचे तर पुढच्याची नक्कल करायची नाही, एवढं एक पथ्य पाळा. तो जलद ओढत असेल तर तुम्ही संथ. तो वरच्या पाण्यात असेल तर तुम्ही तळाला. त्याचं आमिष जिथून नुकतं गेलं तिथे तसलंच दुसरं पाठवलंत तर मासा ते ओळखून बसलेला असतो. होडी निघून गेल्यावर तिच्या मागच्या बाजूला, तिरपं टाका. सगळे काठाकडे बघत असतात आणि खोलाकडचे मासे तसेच राहतात. हलका दोरा, छोटी अळी, आणि रेवदंड्याला मामांच्या शेजारी बसून जो धीर शिकलात तो. पुढच्याच्या खांद्यावरून, त्याच्या पुढ्यात गळ टाकू नका, कधीच. तो मासा लढवत असेल तेव्हा आपला दोरा गुंडाळून घ्या. दोघांचे मासे होडीतल्या पाण्याच्या टाकीत वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. तुमचा कप्पा कुठला ते सकाळीच विचारून घ्या, संध्याकाळी घाईत घोळ होतो. मासा मेला तर वजनातून दंड कापतात, उशीर झाला तर मिनिटागणिक कापतात, आणि तो उशीर पुढच्याने केला तरी तुमचंही वजन कापलं जातं. यावर चिडायचं असेल तर आत्ताच घरी चिडून घ्या.

मासा सोडण्याबद्दल वहिनींना जे वाटतं ते मलाही सुरुवातीला वाटलं होतं. सीकेपी घरातल्या बाईला तीन किलोचा जिवंत मासा हातातून परत पाण्यात सोडायला लावणं म्हणजे काय, ते तिकडच्यांना कळायचं नाही. १९७२ पासून स्कॉटच्या स्पर्धांत मासे जिवंत सोडायला सुरुवात झाली, आणि आज त्या सरोवरांत दर शनिवार-रविवारी स्पर्धा होऊनही मासा टिकून आहे त्यात या पद्धतीचा वाटा आहे. शिवाय बासच्या कालवणाला पापलेटची सर नाही, हे वहिनींना माझ्या नावावर खुशाल सांगा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, ती म्हणजे कंबर. पहाटे या होड्या ताशी ६०-७० मैलांनी सुटतात. लाटांवर आदळत जाताना मागच्या सीटवर बसलेल्याच्या मणक्याला प्रत्येक हिसका मोजून मिळतो. त्यानंतर आठ तास उभं राहायचं, हलत्या फळीवर, एकाच जागी. साठीनंतर हे सोसायचं तर दोन महिने आधी तयारी करा, कमाटीबागेत नुसतं फिरून भागणार नाही. इंजिन चालू असेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर, त्यात तडजोड नाही. आणि नाव घालण्याआधी जावयाच्या त्या सहकाऱ्याला गळ घाला, की एक अख्खा दिवस मला मागे उभं कर आणि मुद्दाम पुढचं पाणी तू घे. संध्याकाळी तुम्हाला तो दिवस आवडला, तरच फी भरा. तो कुठल्या स्थानिक क्लबात असेल तर क्लबाची घरगुती स्पर्धा त्याहून बरी; तिथे मागच्यालाही नावाने ओळखतात.

कागदपत्रांचं बघून घ्या, कारण यात लोक हटकून गाफील राहतात. अलाबामाबाहेरच्या माणसाला लागणारा मासेमारीचा परवाना वेगळा काढावा लागतो, लीगचं सदस्यत्व वेगळं. नुसत्या पर्यटनाच्या, बी-२ वर्गातल्या प्रवेशावर हौशी म्हणून, पैसे न घेता खेळता येतं. बक्षिसाच्या रकमेसाठी उतरणं हा बी-१ मध्ये मोडणारा व्यवहार. आपल्या पासपोर्टवर बहुधा दोन्ही एकत्र छापलेले असतात, पण विमानतळावर अधिकारी कुठल्या वर्गात प्रवेश देतो ते वेगळं, तेव्हा विचारलं तर सरळ खरं सांगा, आणि फी भरण्याआधी लेकीला एखाद्या इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्यायला सांगा. चुकून बक्षीस लागलंच तर परदेशी माणसाच्या रकमेतून साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापून घेतात, आणि इथल्या विवरणपत्रातही ते दाखवावं लागतं. तुमच्या सीएला आधी कल्पना द्या, नंतर दिली तर तो हसेल.

पेट्रोलच्या पैशांचं शेवटी. फीत ते धरलेलं नसतं, नियमाने मागतही नाहीत, पण मागच्याने पुढच्याला काही द्यायचा रिवाज आहे, चाळीस-पन्नास डॉलर. ते पहाटे धक्क्यावरच द्या, पहिला गळ पाण्यात पडायच्या आधी. संध्याकाळी दिलेत तर तो मासे किती मिळाले त्याची बिदागी होते, आणि दिवस वाईट गेला असेल तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. नोटा घडी करून खिशात तयार ठेवा. अंधारात, थंडीत, हातमोज्यांत पाकीट चाचपत उभं राहू नका, मागे होड्यांची रांग असते.